ठासणीची रायफल आणि तिच्यासोबत आलेली वही

पेन्सिल्व्हेनियातील एका कारागिराने मला घडवून दिलेली ही रायफल त्याच राज्यातील लँकेस्टर भागाच्या धाटणीची आहे: ४२ इंचांची अष्टकोनी नळी, .५० कॅलिबर (म्हणजे अर्ध्या इंचाचे भोक), गारगोटीची ठिणगी पाडणारा घोडा, लहरदार रेषांच्या मेपल लाकडाचा दस्ता आणि पितळी जडकाम. अठराव्या शतकात याच भागातील जर्मन भाषक कारागिरांनी युरोपातील ‘येगर’ या आखूड शिकारी रायफलीची नळी लांबवत आणि तिचे भोक लहान करत हा प्रकार विकसित केला. मला मात्र रायफलीइतकेच मोल तिच्यासोबत मिळालेल्या, घडणीची नोंद असलेल्या हस्तलिखित वहीचे वाटते, कारण अशी वस्तू कोणाच्या हातून घडली हे नोंदवले गेले नाही, तर एका पिढीत ते पुसले जाते.

या दस्त्याची सुरुवात कारागिराच्या गुरूंनी केली होती. दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांनी काम थांबवले आणि नळीसाठी अर्धवट कोरलेली खाच असलेले ते लाकूड शिष्याच्या स्वाधीन केले. गुरूंची पटाशी नेमकी कुठे थांबली, हे वहीत रेखाटन काढून दाखवले आहे. नळी उतरवून पाहिले, तर जवळजवळ लागलेले आखूड घाव आणि त्यांच्या पुढे सुरू होणारे लांब, उथळ घाव स्पष्ट वेगळे ओळखू येतात. ते घासून एकसारखे करणे सोपे होते. शिष्याने ते तसेच राखले, हा मला या रायफलीवरील सर्वांत सुंदर निर्णय वाटतो.

वहीचा प्रामाणिकपणाही वाखाणण्याजोगा आहे. नळी खास नळ्याच बनवणाऱ्याकडून आणलेली आहे आणि चकमकीच्या यंत्रणेचे भाग ओतीव असून ते कानशीने घासून स्वतः जुळवले आहेत, असे तीत सरळ लिहिले आहे. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग या जतन केलेल्या ऐतिहासिक वसाहतीत वॉलेस गसलर या बंदूक कारागिराने १९६०च्या दशकात नळीसकट संपूर्ण रायफल जुन्या पद्धतीने घडवली होती. आज बहुतेक कारागीर तितके करत नाहीत आणि ग्राहकानेही ती अपेक्षा धरू नये, परंतु कोणते काम कोणाचे आहे हे कळायलाच हवे.

नळीवर कारागिराची सही आणि वर्ष कोरलेले आहे. पेन्सिल्व्हेनियातील क्रिश्चन्स स्प्रिंग या वस्तीतील कारागीर योहान क्रिस्टियन ओर्टर यांनी १७७५ मध्ये घडवलेल्या रायफलीवरही अशीच सही आणि वर्ष आहे. १९७१ मध्ये पेन्सिल्व्हेनियातीलच व्हॅली फोर्ज येथील संग्रहालयातून चोरीला गेलेली ती रायफल २०१८ मध्ये परत मिळाली, तेव्हा ती कोणाची आणि कधीची हे तिच्या नळीवरच लिहिलेले होते. सही न केलेल्या असंख्य जुन्या रायफलींबाबत अभ्यासकांना केवळ कोरीवकामाच्या वळणांवरून कर्त्याचा अंदाज बांधावा लागतो.

वापराच्या दृष्टीने मी समाधानी आहे. तेलकट कापडात धरलेली शिशाची गोळी गजाने नीट खाली बसते, ते कापड नळीच्या आतील पिळदार आट्यांत घट्ट बसून गोळीला फिरकी देते आणि रंजक (ठिणगीने पेटणारी बारीक दारू) कोरडे असेल तर बार लगेच होतो. टेकू घेऊन झाडलेल्या गोळ्या ५० यार्डांवर तळहाताएवढ्या जागेत बसल्या. लोखंड विरघळवलेले नायट्रिक आम्ल लावून आणि उष्णता देऊन दस्त्याला आणलेला तपकिरी रंग प्रकाशात विलक्षण खुलतो. चाप मात्र अपेक्षेपेक्षा कडक आहे आणि दस्त्यातील कापडाच्या कप्प्याचे पितळी झाकण गार बोटांनी उघडणे कठीण जाते. काही हजार डॉलर मोजल्यावर या दोन गोष्टी आधीच तपासलेल्या असायला हव्या होत्या.

वहीतही एक उणीव होती: त्या झाकणावरील नक्षी कोणी कोरली, याची नोंद नव्हती. विचारणा केल्यावर ती कारागिराच्या मुलीने कोरल्याचे कळले आणि तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलेले एक पान पाठवले. ते मी वहीत शिवून घेतले आहे.