हलक्या रायफलीसाठी काडतूस निवडताना : .३०८, ७ एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमूर

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि हद्दीपलीकडचा चंदगड-गडहिंग्लज हा सगळा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या पायदळाला जवान देत आला आहे. त्यामुळे आमच्याकडे बंदुकीवर बोलणारी माणसे पुष्कळ आहेत, मात्र त्यांतील बहुतेकांचे ज्ञान सरकारी रायफलीपाशी येऊन थांबते. परदेशात स्थायिक झालेली आमची मुले हलकी शिकारी रायफल घ्यायला निघाली, की गावाकडच्या निवृत्त काका-मामांकडून त्यांना ठरलेले उत्तर मिळते : ‘.३०८ घे, ते आपलेच सेव्हन-सिक्स-टू (म्हणजे लष्कराचे ७.६२ मिमीचे काडतूस) आहे.’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर राहणाऱ्या माझ्या पुतण्याने हाच प्रश्न विचारला आणि पुढे त्याच्याकडे गेल्यावर, परवानाधारक म्हणून तो शेजारी उभा असताना, एकाच बनावटीच्या तीन हलक्या रायफलींतून ही तिन्ही काडतुसे गोळीबार मैदानावर चालवून पाहता आली. त्या अनुभवावर आणि शस्त्रप्रशिक्षक म्हणून केलेल्या नोकरीवर हे परीक्षण आधारलेले आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि भीमगडचे जंगल ज्याने जवळून पाहिले आहे त्याला ती योग्यच वाटेल. न्यूझीलंडची परिस्थिती निराळी आहे. तेथील तांबडे हरीण, शॅमॉय आणि हिमालयी ताहर (शेवटची दोन्ही डोंगरी बकऱ्यांसारखी जनावरे) ही सारी बाहेरून आणून सोडलेली जनावरे आहेत. ताहर १९०४ मध्ये माउंट कुकच्या परिसरात सोडले गेले. त्यांना खाणारे हिंस्र श्वापद तेथे नसल्याने ती वाढत जातात आणि डोंगरावरची मूळ वनस्पती फस्त करतात, म्हणून तेथील सरकारच शिकारीला वाव देते. ज्या उतारांवर ताहर राहतो तेथे दिवसभर चढावे लागते, आणि म्हणून वर बसवलेली दुर्बीण वगळून पावणेतीन किलोच्या आसपास भरणारी रायफल तेथे लोक पसंत करतात.

आता काडतुसांकडे वळू. .३०८ विंचेस्टर १९५२ मध्ये बाजारात आले, आणि त्याचेच लष्करी भावंड असलेले ७.६२ × ५१ दोन वर्षांनी नाटो राष्ट्रांनी स्वीकारले. ७ एमएम-०८ म्हणजे .३०८ चीच पितळी पुंगळी, फक्त तिची मान आवळून त्यात ७.२ मिमी व्यासाची गोळी बसवलेली. रेमिंग्टन कंपनीने १९८० मध्ये ते कारखान्यातून विक्रीस आणले. ६.५ क्रीडमूर हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये लक्ष्यवेधाच्या स्पर्धांसाठी काढले. त्याची पुंगळी किंचित आखूड असल्याने लांब, निमुळती गोळी मॅगझिनमध्ये सहज मावते. तिन्ही काडतुसे आखूड बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्याच्या) रायफलीत बसतात, तेव्हा रायफलीच्या वजनात त्यांच्यामुळे फरक पडत नाही. फरक पडतो तो खांद्यावर.

माझ्या मते हलक्या रायफलीच्या बाबतीत धक्का हाच पहिला निकष मानला पाहिजे, आणि दुकानात उभे राहून निवड करणाऱ्याला नेमका तोच कळत नाही. गोळी आणि दारूचा वायू पुढे जाताना रायफलीला जो मागचा वेग मिळतो तो तिच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून तेच काडतूस अर्ध्या वजनाच्या रायफलीत घातले, तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. आमची जुनी लष्करी रायफल एसएलआर सव्वाचार किलोंहून जड होती, शिवाय तिच्या गॅसवर चालणाऱ्या यंत्रणेमुळे धक्का थोडा पसरून येत असे. तिच्या आठवणीवर विसंबून जो निवृत्त जवान .३०८ ची शिफारस करतो, तो नकळत दीड किलोचा आधार काढून घेतो. दुर्बिणीसह ३.२ किलो भरणाऱ्या रायफलीचा हिशेब मांडला, तर १५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे छोटे एकक) गोळीचे .३०८ साधारण २२ ते २३ ज्यूलचा धक्का देते, १४० ग्रेनचे ७ एमएम-०८ एकोणीस-वीसचा आणि तेवढ्याच वजनाच्या गोळीचे ६.५ क्रीडमूर अठराच्या आसपासचा. कागदावर हे अंतर किरकोळ दिसते. मैदानावर मात्र, विशेषतः पालथे झोपून बार करताना, .३०८ चा दणका मला लवकर नकोसा झाला आणि ७ एमएम-०८ घेऊन मी बराच वेळ निवांत बसू शकलो.

धक्क्याचा खरा तोटा दुखण्यात नाही. चाप ओढताना शरीर आधीच सावध होते, डोळा मिटतो, खांदा पुढे रेटला जातो आणि गोळी खाली जाते. रिक्रूटांना शिकवताना आम्ही मॅगझिनमध्ये मधेच डमी राउंड (न उडणारे नकली काडतूस) घालत असू. बार न होताही ज्याची नळी झटका खाते, त्याचा दोष त्याला स्वतःलाच दिसत असे. हलकी रायफल घेणाऱ्या प्रत्येकाने मित्राकडून ही परीक्षा करून घ्यावी. ज्या काडतुसाने हा दोष जडतो ते कितीही जोरकस असले तरी त्या माणसाच्या कामाचे नाही, कारण जखमी होऊन कड्यावरून निसटलेले जनावर हे शिकाऱ्याचे पाप आहे, असे मी मानतो.

जोराच्या बाबतीत .३०८ पुढे आहे, हे मान्य करायलाच हवे. नळीच्या तोंडाशी त्याची १५० ग्रेनची, म्हणजे ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८६० मीटर वेगाने निघते आणि साधारण ३६०० ज्यूल ऊर्जा घेऊन जाते. ७ एमएम-०८ ची ऊर्जा ३३०० च्या आणि ६.५ ची ३१०० च्या आसपास भरते. पण गोळी जनावरात किती खोल शिरेल हे एकट्या ऊर्जेवर ठरत नाही. गोळीचे वजन आणि तिच्या व्यासाचा वर्ग यांचे गुणोत्तर येथे महत्त्वाचे असते, आणि या मापाने ७ एमएमची १४० ग्रेनची गोळी .३०८ च्या १६५ ग्रेनच्या गोळीच्या तंतोतंत बरोबरीची आहे. म्हणजे कमी दारू आणि कमी धक्क्यात तेवढीच खोली साधते, अर्थात गोळीची घडण सारखी असेल तर. लष्करी पद्धतीची पूर्ण आवरणाची गोळी शिकारीत वापरू नये. ती न फुलता आरपार जाते आणि जनावर तडफडत राहते.

वाऱ्याचा प्रश्न आला, की ६.५ क्रीडमूरचे पारडे जड होते. ताशी १६ किमीच्या आडव्या वाऱ्यात ३०० मीटरवर .३०८ ची १५० ग्रेनची गोळी २० सेंमीच्या आसपास वाहते, तर ६.५ ची लांब गोळी १५ सेंमीपाशी राहते. ४०० मीटरपलीकडे हा फरक वाढत जातो. मात्र २०० मीटरवर झिरो केलेल्या, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवलेल्या रायफलीतून ३०० मीटरवर तिन्ही गोळ्या जवळपास सारख्याच, वीस-पंचवीस सेंमी, खाली उतरतात. धापा टाकत, दगडावर पिशवी टेकवून नेम धरणाऱ्या माणसाने ३०० मीटरपलीकडे बार करू नये असे माझे ठाम मत असल्यामुळे, ६.५ चा हा गुण मला पूर्ण किमतीचा वाटत नाही. ज्याला आठवड्याच्या सुटीत दूरच्या लक्ष्यावरही नेमबाजी करायची आहे, त्याने मात्र डोळे झाकून ६.५ घ्यावे.

तिकडे सायलेन्सर कायदेशीर आणि सर्रास वापरात असल्याने लोक नळी आखूड ठेवतात. नळी आखूड केली की रुंद बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) .३०८ चा वेग तुलनेने कमी घटतो, हा त्याचा एक प्रामाणिक फायदा. सायलेन्सरने धक्काही कमी होतो, पण नळीच्या टोकाशी वजन वाढते आणि चढणीवर ते जाणवते.

मिळण्याच्या दृष्टीने .३०८ ला तोड नाही. लहान गावातल्या दुकानातही त्याचे अनेक प्रकार असतात आणि सरावाची स्वस्त काडतुसे त्यातच सर्वांत जास्त मिळतात. ज्याला वर्षाकाठी भरपूर सराव करायचा आहे आणि ज्याचा खांदा धक्का सोसतो, त्याच्यासाठी एवढ्या एका कारणाने .३०८ योग्य ठरू शकते. एक धोका मात्र लक्षात ठेवावा. .३०८ आणि ७ एमएम-०८ एकाच पुंगळीची असल्यामुळे दिसायला फार सारखी आहेत, आणि बारीक गोळीचे काडतूस रुंद बोअरच्या रायफलीत चुकून भरले जाऊ शकते. घरात दोन्ही रायफली असतील तर पेट्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवाव्यात आणि भरण्यापूर्वी पुंगळीच्या बुडावरचा शिक्का वाचावा.

पुतण्याला मी ७ एमएम-०८ घ्यायला सांगितले. ताहर आणि तांबडे हरीण या दोन्हींना ते ३०० मीटरपर्यंत पुरते, धक्का त्याला सोसवतो आणि रायफल हलकीच राहते. .२४३ हे आणखी बारीक गोळीचे काडतूस त्याहून सौम्य आहे, पण मोठ्या नर हरणासाठी त्यात हाताशी राखीव काही उरत नाही. घेतल्यावर १४० ग्रेनच्या आसपासची दोन-तीन बनावटींची काडतुसे आणून तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप (एकाच लक्ष्यावर पडलेल्या गोळ्यांचे झुबके) काढावेत. हलकी रायफल म्हणजे बारीक नळी, आणि बारीक नळी लवकर तापून ग्रुप पसरवते, म्हणून प्रत्येक ग्रुपनंतर बोल्ट उघडा ठेवून ती पूर्ण निवू द्यावी. ज्या बनावटीचा ग्रुप सर्वांत घट्ट येईल तिच्याच एका खेपेच्या पेट्या वर्षभरासाठी घ्याव्यात आणि झिरो त्याच काडतुसावर, २०० मीटरवर करावा.