लॉच्या कॉन्ट्रॅक्ट विषयासाठी आधी बेअर अ‍ॅक्ट (म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर) की आधी केसेस?

फर्स्ट इयरला हा वाद असतोच. माझं मत विचाराल तर १८७२ चा इंडियन कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट आधी हातात घ्या, भाषा जुनी आहे पण सेक्शनखालची उदाहरणं कुणी धड वाचतच नाही, आणि खरा माल तिथेच आहे. सेक्शन ७३ बघा, गिरणी बंद पडलीये हे सांगून मशीन पोचवायला दिलं, पोचवणाऱ्याने उशीर केला, तर तेवढ्या दिवसांचा सरासरी नफा मिळतो पण हातचं गेलेलं सरकारी कंत्राट भरून मिळत नाही. नुकसानभरपाई कुठवर मिळते यावरच्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या गाजलेल्या इंग्लिश केसचं अर्धं काम इथेच झालं की! हां, सेक्शन ७५ नंतर डायरेक्ट १२४ दिसलं तर पानं फाटलीत असं समजू नका, मधला भाग १९३० मध्ये सेल ऑफ गुड्सच्या वेगळ्या कायद्यात गेला.

केसेसचा फायदा म्हणजे गोष्ट डोक्यात बसते, लालमन शुक्ला केसमधला मुनीम कोण विसरणार, बक्षिसाचं माहीत नसताना हरवलेला पोरगा शोधून आणला आणि १९१३ मध्ये कोर्टाने रिकाम्या हाताने पाठवला.

पण नुसत्या अ‍ॅक्टवर राहिलात तर मायनरच्या (अज्ञान व्यक्तीच्या) प्रश्नात अडकाल. सेक्शन १० आणि ११ एवढंच म्हणतात की पार्टी सज्ञान हवी, मायनरचा करार मुळातच व्हॉइड म्हणजे रद्दबातल हे प्रिव्ही काउन्सिलने (तेव्हाचं लंडनमधलं सर्वोच्च अपील कोर्ट) १९०३ मध्ये मोहरी बीबी केसमध्ये ठरवलं. परीक्षेत नेमकं तेच विचारतात.