ब्लूबेरीसाठी सामू मोजायचा तर पेन मीटरच घ्या

ब्लूबेरीला मातीचा सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) ४.५ ते ५.५ लागतो. ६.५ आणि ४.५ यांत दोनच अंकांचा फरक दिसतो, पण आम्लता शंभर पटींनी बदललेली असते. इतक्या नेमक्या कामाला मातीत खोचायचा, बॅटरीशिवाय चालणारा दोन सळ्यांचा मीटर अजिबात उपयोगाचा नाही. वेगवेगळ्या धातूंच्या सळ्या ओल्या मातीत गेल्या की बारीकसा विद्युत्प्रवाह तयार होतो, काटा तोच दाखवतो. ओलावा, खतातले क्षार, सळ्यांवरचा गंज, कशानेही आकडा सरकतो. पैसे वाया जातात ते जातातच. चुकीच्या आकड्यावर विसंबून सामू उतरवायला गंधक घातले की झाडही जाते.

काचेच्या बल्बचा पेन मीटर मात्र जरूर घ्यावा. ०.१ पर्यंत वाचणारा पुरतो. वापराआधी ६.८६ किंवा ७ आणि मग ४.०१ च्या बफर द्रावणात (ज्याचा सामू ठरलेला असतो) तो जुळवून घ्यायचा. ९.१८ ची पुडी सोबत येते, ती या कामाला नको.

पेन थेट मातीत खुपसू नका, बल्ब फुटतो. वरचे आच्छादन बाजूला करून १० ते १५ सेंमी खोलीवरची माती चार-पाच ठिकाणांहून घ्या, मिसळा, वाळवा. ५० ग्रॅम मातीत ५० मिली डिस्टिल्ड पाणी घालून ढवळा, अर्धा तास ठेवा, पुन्हा ढवळून मोजा. पीट किंवा कोकोपीट पाणी पिऊन घेते. तिथे एक वाटी मिश्रणाला दोन वाट्या पाणी. आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या.

या मीटरची खरी कटकट देखभालीची. बल्ब कोरडा पडला की वाचन भरकटते. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचे साठवण द्रावण हवे. डिस्टिल्ड पाण्यात ठेवला तर बल्ब लवकर खराब होतो. फडक्याने घासायचा नाही, नुसता टिपायचा.

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोक आधी लोह घालतात. आधी सामू मोजा. तो ६ च्या वर असेल तर मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. गंधकाचे आम्ल मातीतले जिवाणू करतात, त्याला काही महिने लागतात. त्यामुळे पंधरा दिवसांत आकडा हलला नाही म्हणून दुसरा हप्ता टाकू नका, तीन महिन्यांनी मोजा. मातीवर व्हिनेगर टाकून फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे. तिथे गंधकाच्या नादी न लागता कुंडी किंवा उंच वाफा करा.

पेन मीटर एक गोष्ट सांगत नाही: पाण्यातले बायकार्बोनेट, म्हणजे आम्लता मारणारा विरघळलेला क्षार. जड पाण्याने महिनोन्महिने शिंपण केले की कुंडीचा सामू हळूहळू चढतो, आणि नुसता पाण्याचा सामू मोजून ते कळत नाही. त्यासाठी अल्कलिनिटीचे (पाणी किती आम्ल मारू शकते ते मोजणारे) थेंबांचे किट वेगळे घ्यावे लागते, नाहीतर साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.