स्पाइक गार्ड, स्टॅबिलायझर की डीबीतला एसपीडी? कोकणातल्या घरासाठी काय घ्यावं

दुकानात तिन्ही वस्तू 'प्रोटेक्शन' म्हणूनच विकल्या जातात, पण त्यांची कामं वेगळी आहेत. एसपीडी म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, घराच्या डीबीत, म्हणजे एमसीबी असतात त्या डिस्ट्रिब्युशन बोर्डात, बसणारं. म्हणून आधी धोका ओळखा.

वळवात जवळपास वीज पडली की तारेतून हजारो व्होल्टचा झटका येतो आणि काही मायक्रोसेकंदांत संपतो. माडाची झावळी पडून खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटला तर गोष्ट निराळी. मग 230 च्या जागी 300 ते 400 व्होल्ट येतात आणि मिनिटंच्या मिनिटं घरात राहतात.

स्पाइक गार्ड फक्त पहिल्या धोक्यासाठी. आतली रुपयाएवढी चकती, म्हणजे एमओव्ही, झटका गिळते आणि दर झटक्याला थोडी झिजते. न्यूट्रल तुटल्यावर तीच चकती तापून काळी पडते, कधी पेटही घेते. खोक्यावर ज्यूलचा आकडा, म्हणजे झटक्याची किती ऊर्जा गिळता येते ते, नसेल तर ते साधं एक्स्टेंशन बोर्ड समजा.

स्टॅबिलायझरचा रिले, म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, मिलिसेकंदांत हलतो, तोवर विजेचा झटका पुढे गेलेला असतो. कमी-जास्त व्होल्टेजपासून फ्रिज आणि एसी वाचवायला मात्र तो चांगला. हाय कट-ऑफ (व्होल्टेज फार वाढलं की पुरवठा तोडणं) आणि कॉम्प्रेसरसाठी तीन मिनिटांचा डिले आहे ना, एवढं बघून घ्या.

स्वतःचं घर असेल तर आमचं मत एसपीडीला: टाइप 2, 40 केए (किलोअँपिअर), मेन स्विचनंतर डीबीत. वायरमन इथे हमखास चुकतो, लांब वायरी वळवून वळवून जोडतो. झटक्याच्या वेळी मीटरभर वायरवरच साधारण हजार व्होल्ट वाढतात, म्हणून फेजकडून एसपीडीपर्यंत आणि तिथून अर्थ-बारपर्यंत मिळून वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. एसपीडीवरची छोटी खिडकी हिरवीची लाल झाली की कार्ट्रिज बदला. न्यूट्रल तुटण्यावर एसपीडी उपयोगाचा नाही. त्यासाठी शेजारी ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले हवाच, 270 व्होल्टच्या आसपास घराचा पुरवठा तोडणारा.

अर्थिंग धड नसेल तर हा खर्च बराचसा वाया. जांभ्याच्या सड्यावर मे महिन्यात जमीन ठणठणीत कोरडी असते, त्यात मीठ-कोळसा घातलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजून जातो. तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) वापरा. जागा शक्यतो माडाच्या आळ्यालगतची घ्या, तिथे ओल टिकते. खाऱ्या वाऱ्याने क्लॅम्पवर हिरवट थर चढतो. पावसाआधी तो घासून काढा, नट आवळा आणि अर्थ टेस्टरने मोजून घ्या. 5 ओमच्या आत आलं तर उत्तम.

भाड्याच्या घरात डीबीला हात लावता येत नाही. तिथे अर्थिंग असलेल्या सॉकेटवर चांगला स्पाइक गार्ड लावा, फ्रिजला स्टॅबिलायझर द्या, आणि ढग लांब गडगडत असतानाच प्लग काढा. डोक्यावर कडाडायला लागल्यावर वायरींना हात लावू नका.

छतावरच्या डिशची केबल या सगळ्यांना वळसा घालून थेट सेट-टॉप बॉक्समध्ये शिरते. प्लगबरोबर तीही काढा.