शो-बड प्रो-वन, आठ महिन्यांनंतर: आधी पालथी घाला

आठ महिन्यांपूर्वी १९०० डॉलर मोजून सत्तरच्या दशकातली शो-बड प्रो-वन घरी आणली. एका गळ्याची, दहा तारांची, तीन पेडल आणि चार नी-लिव्हरची (गुडघ्याने ढकलायच्या दांड्यांची) पेडल स्टील गिटार, म्हणजे पायांवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची गिटार. घेताना मी काय पाहिलं? लाकूड. मेपलचं अंग, त्यावर पक्ष्याच्या डोळ्यांसारखे बारीक ठिपके, आणि पडद्यांच्या खुणांना बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. पत्त्यांचा डाव मांडल्यासारखी पट्टी. शिवाय नाव. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोघांनी पन्नाशीच्या दशकात नॅशव्हिलमध्ये काढलेली ही कंपनी, शॉटचा ‘शो’ आणि बडीचा ‘बड’. पुढे १९६३च्या सुमारास एमन्सने स्वतःच्या नावाची वेगळी कंपनी काढली. आजही जुन्या पेडल स्टीलचा विषय निघाला की ही दोन नावं आधी येतात.

मी मूळचा मिरजेचा, आता डॅलसजवळ राहतो. आमच्याकडे सतारमेकर भोपळा हातात घेऊन टिचकी मारतात आणि आवाजावरून त्याचं भवितव्य सांगतात. मीही तेच केलं. विकणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, डान्स हॉलमध्ये वाजवून निवृत्त झालेले. त्यांनी एक सूर छेडला. वरच्या तारांना बारीक झणकार होता, सतारीच्या घोडीला जवारी लावल्यासारखा. मी जागच्या जागी विरघळलो. म्हटलं, पन्नास वर्षं मुरलेला आवाज तो हाच.

तो आवाज म्हणजे बिघाड होता, हे कळायला तीन महिने लागले.

पेडल स्टीलमध्ये घोडीच्या जागी प्रत्येक तारेसाठी अॅल्युमिनियमचं एक ‘बोट’ असतं. पेडल दाबलं की खालच्या सळ्या ते बोट फिरवतात, तार ताणली जाते किंवा सैल होते. तारा वर्षानुवर्षं त्याच जागी घासल्या की बोटाच्या माथ्यावर चर पडतो. मग तार तिथून स्वच्छ सुटत नाही, कडेला घासत झणझणते. आमच्या मिरजेत जवारी कानसने मुद्दाम काढतात, इथे ती झिजेने फुकट मिळाली होती, आणि मी तिचे पैसे मोजले! शिवाय तिसरी तार, ०.०११ इंचाची, सगळ्यांत बारीक, दर आठ-दहा दिवसांनी त्याच चरावर तुटायची. कारागिराने बोटांचे माथे घासून गुळगुळीत केले, सांध्यांतलं वाळून घट्ट झालेलं जुनं तेल धुऊन काढलं, बिल ३४० डॉलर. झणकार गेला. दोन दिवस मला चुकल्यासारखं वाटलं, खरं सांगतो.

त्याच कारागिराने एक परीक्षा शिकवली, ती आधी माहीत असती तर भाव निदान तीनशेने पाडला असता. ट्यूनर लावा. पाचवी तार छेडा, पहिलं पेडल दाबा, सोडा, पुन्हा छेडा. सूर जिथे होता तिथेच परत आला पाहिजे. हे वीसदा करा. मग चौथी तार, म्हणजे षड्ज धरा. पहिली दोन पेडलं एकदम दाबा. ही पेडलं त्या तारेला हातही लावत नाहीत, तरी बाकीच्या तारा ताणल्या गेल्याने सगळं अंग किंचित वाकतं आणि षड्ज उतरतो. माझ्या गिटारीत तो चार-पाच सेंट उतरतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). इतकं चालतं, म्हणाला.

हे झालं की गिटार पालथी घाला. वाकलेल्या सळ्या, नंतर कुणीतरी बसवलेले वेगळ्या रंगाचे स्क्रू, भेगा गेलेले ओतीव भाग. माझ्यातल्या दोन नी-लिव्हर मागाहून बसवलेल्या निघाल्या. संग्राहकाच्या लेखी हा डाग, माझ्या लेखी कमाई. कारण ई-नाइन या नेहमीच्या जुळणीत मी षड्ज धरला तो ‘ई’. पहिलं पेडल पंचमाला धैवतावर नेतं, दुसरं गंधाराला मध्यमावर, तिसरं षड्जाला रिषभावर. पण षड्ज निषादावर उतरवणं आणि कोमल रिषभावर चढवणं ही कामं गुडघ्यांची. ते दोन लिव्हर नसले की अर्धी भाषा गेली. म्हणून तीन पेडल आणि एकच लिव्हर असलेली शिकाऊ मॉडेल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. शो-बडचंच मॅव्हरिक त्या जातीचं. लिव्हर पुढे बसवत बसलात तर एकूण खर्च माझ्याएवढाच होतो.

सर्वांत मोलाची गोष्ट गिटारच्या पेटीत सापडली. झाकणाच्या आत चिकटवलेला पिवळा कागद, पेन्सिलीने लिहिलेले आकडे. मी सुरुवातीला सगळ्या तारा ट्यूनरच्या शून्यावर आणायचो, पण सूर एकत्र वाजले की कर्कश वाटायचं, हार्मोनियमवर ख्याल ऐकताना होतं तसं. कागदावर गंधाराच्या तारांपुढे ‘-१४’ होतं. समान अंतराच्या स्वरसप्तकात गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तंबोऱ्यात ऐकू येतो तो ३८६वर. डान्स हॉलमधल्या त्या आजोबांनी तंबोरा बहुधा पाहिलाही नसेल, तरी गंधार तोच! तसं लावलं आणि पहिली दोन पेडलं दाबत सोडत अर्धा तास नुसता बसून राहिलो. मींड एका सुराची आपण जन्मभर ऐकतो, हिच्यात दोन सूर सरकतात आणि तिसरा जागेवर उभा. व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांच्या हवाईयन गिटारवर आपण वाढलो, पण तिला पेडल नव्हतं.

घरच्यांची तक्रार वेगळी आहे. पेटीसकट वजन वीस किलोच्या आसपास, चार पाय स्क्रूने बसवायचे, सळ्या अडकवायच्या, दरवेळी दहा मिनिटं. “वाजवायच्या आधीच दमतोस,” असं आई व्हिडिओ कॉलवर म्हणते. म्हणून आता ती हॉलमध्ये कायमची उभी असते आणि पाहुणे तिला इस्त्रीचं टेबल समजतात.

मोजलेले २२४० डॉलर वसूल? वाजवणाऱ्याच्या हिशोबाने हो. लाकडाचे आणि पत्त्यांचे मिळून दोनशे जास्त गेले असतील. तिसऱ्या तारेची सहा पाकिटं आणून ठेवली होती, त्यातली पाच अजून पडून आहेत.