हातातले स्टॉप बटण की अंगावरचा टॅग? वायरलेस सुरक्षा यंत्रणा निवडताना

स्वयंचलित कारखान्यातील कामगारांसाठी वायरलेस सुरक्षा यंत्रणा घ्यायची म्हटले की मुख्यतः दोन पर्याय पुढे येतात: कामगाराने सोबत बाळगायचे बिनतारी इमर्जन्सी स्टॉप बटण आणि हेल्मेटवर किंवा पट्ट्यावर लावायचा, वाहनापासूनचे अंतर मोजणारा टॅग. माहितीपत्रकांत पल्ला आणि बॅटरी यांचेच आकडे असतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा. सिग्नल तुटला, तर यंत्र काय करते?

बटणाच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. बटण आणि यंत्रावरचा रिसीव्हर यांच्यात सतत संदेश जात असतात, आणि ठरावीक मुदतीत ग्राह्य संदेश आला नाही तर रिसीव्हर स्वतःहून यंत्र थांबवतो. त्यामुळे वाय-फाय आणि ब्लूटूथही वापरतात त्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींच्या गर्दीत व्यत्यय आला, तर नुकसान उत्पादनाचे होते, माणसाचे नाही. खरा धोका पुढे आहे: विनाकारण थांब्यांना कंटाळून कोणी ही मुदत वाढवून ठेवतो. सुरक्षा साधन यंत्रापासून किती दूर हवे हे ठरवणाऱ्या आयएसओ १३८५५ मानकात चालत्या माणसाचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरला जातो, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या वाढीव विलंबात तो यंत्राच्या आणखी ८०० मिलिमीटर जवळ पोहोचलेला असतो. शिवाय जोडणी नसलेले बटणही लाल-पिवळेच दिसत राहिले, तर घाबरलेला माणूस तेच दाबेल. म्हणून बटण चालू आहे की नाही हे दुरूनही कळेल असाच संच घ्यावा. आणि हे बटण मुळात पूरक साधन आहे, कुंपणाचा किंवा लाइट कर्टनचा (किरण अडला की यंत्र थांबवणाऱ्या प्रकाश-पडद्याचा) पर्याय नव्हे.

टॅगचे गणित उलटे आहे. टॅग गप्प झाला की साध्या यंत्रणेला तेथे माणूसच नाही असे वाटते, मग बॅटरी संपलेली असो, टॅग लॉकरमध्ये राहिलेला असो किंवा आत आलेल्या पाहुण्याला तो दिलेलाच नसो. मात्र त्याचा एक गुण वाहनावरच्या लेझर स्कॅनरमध्ये नाही: लेझर किरणांनी अडथळा ओळखणाऱ्या या स्कॅनरला समोरचे दिसावे लागते, तर टॅगमुळे रॅकच्या कोपऱ्यामागून येणाऱ्या माणसाची चाहूल फोर्कलिफ्टला आधीच लागू शकते. त्यातही अल्ट्रा-वाइडबँड या रेडिओ तंत्रावर चालणारा टॅग घ्यावा, कारण तो संदेशाच्या प्रवासाच्या वेळेवरून अंतर काढतो आणि चांगल्या परिस्थितीत त्याची चूक दहा ते तीस सेंटिमीटरच्या आसपास राहते. ब्लूटूथ सिग्नलच्या तीव्रतेवरून काढलेले अंतर धातूच्या परावर्तनांमुळे काही मीटरांनीही चुकू शकते.

कुंपणाच्या आत शिरून सेटिंग किंवा दुरुस्ती करावी लागत असेल, किंवा लांब लाइनवर स्थिर बटण हाताशी येत नसेल, तर बिनतारी बटण घ्यावे. माणसे आणि वाहने एकाच वाटेने जात असतील, तर टॅग घ्यावा, पण इशारा देण्यासाठी आणि वेग कमी करण्यासाठीच. चालकविरहित वाहन थांबवण्याची जबाबदारी टॅग नसलेल्यालाही ओळखणाऱ्या स्कॅनरवरच ठेवावी. टॅग आणि स्कॅनर दोन्हींना पुरेल इतका निधी नसेल, तर टॅगची खरेदी पुढे ढकलता येते, स्कॅनरची नाही.

विक्रेत्याने ‘पीएल डी’ (परफॉर्मन्स लेव्हल डी, म्हणजे सुरक्षा-कार्याच्या भरवशाची पातळी) असे सांगितले, तर आयएसओ १३८४९-१ नुसार ही पातळी नेमक्या कोणत्या सुरक्षा-कार्याला मिळाली आहे आणि सिग्नलपासून यंत्र पूर्ण थांबेपर्यंतचा एकूण वेळ किती आहे, हे लेखी घ्यावे. प्रात्यक्षिकाच्या वेळी टॅगची बॅटरी काढायला लावावी आणि यंत्रणेच्या स्क्रीनवर काय दिसते ते स्वतः पाहावे.