खुराड्यातील थंडी : बल्ब की भुशाची गादी?

परभणी-हिंगोलीच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचा पारा कधी कधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळी परसात दहा-पंधरा गावरान किंवा गिरिराज या सुधारित जातीच्या कोंबड्या पाळणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात : खुराड्यात बल्ब टांगावा, की खाली भुशाची जाड गादी अंथरून वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधावे. मी दोन हिवाळे बल्बवर काढले आणि त्यानंतरचे तीन गादीवर.

पिलांबाबत वाद नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंशांची ऊब लागते, ती पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करता येते, आणि पिसे भरेपर्यंत बल्बला पर्याय मला तरी सापडला नाही. मोठ्या पक्ष्यांचे निराळे आहे. फुगवलेल्या पिसांत कोंडलेली हवा हेच त्यांचे पांघरूण असते. त्यांना कोरड्या थंडीपेक्षा ओल आणि अंगावर येणारा वारा अधिक बाधतो.

माझ्यापुरता निकाल लावला तो रात्री जाणाऱ्या विजेने. बल्बच्या सवयीने कोंबड्या दांडीवर बसायचे सोडून उजेडाखाली जमिनीवर गोळा होत. दुसऱ्या हिवाळ्यात एका रात्री वीज गेली. अंधारात त्यांना दिसेना, परत दांडीवर चढता येईना, आणि त्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्या. सकाळी अडीच महिन्यांच्या दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) तळाशी गुदमरून मेलेल्या सापडल्या. बल्ब मुळातच नसता तर त्या दांडीवर सुखरूप राहिल्या असत्या, हे मला आजही लागून राहिले आहे.

गादीला मेहनत आहे, हे मान्य करावे लागेल. थर पाच-सहा इंचांचा हवा. सोयाबीनचे भुसकट आपल्याकडे घरचेच असते, परंतु ते ओल धरते आणि त्याला लवकर बुरशी येते. म्हणून मी लाकडाचा भुसा किंवा साळीचे तूस विकत आणतो. तीन-चार दिवसांनी गादी खालीवर करावी, पाण्याच्या भांड्याजवळचा ओला भाग काढून टाकावा, आणि खाली वाकल्यावर नाकाला झोंबले तर वाट न पाहता थर बदलावा. गोणपाट छतापर्यंत कधीही बांधू नये. पहिल्या वर्षी मी सर्व बाजू बंद केल्या, तेव्हा पहाटे पत्र्याच्या आतून पाणी ठिबकू लागले आणि कोंबड्या शिंकू लागल्या. वर वीतभर फट ठेवल्यावर दोन्ही थांबले.

अंडी विकणाऱ्याचा हिशेब कदाचित वेगळा असेल. हिवाळ्यात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा होतो आणि चांगल्या अंड्यांसाठी १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. तसे असल्यास दिवा जरूर लावावा, पण उजाडण्यापूर्वीचे दोन-तीन तासच, म्हणजे संध्याकाळी कोंबड्या मावळत्या उजेडात आपापल्या दांडीवर बसतील आणि मध्यरात्री वीज गेली तरी त्यांना कळणारही नाही.